गाडी गार होईपर्यंत

"म्हाताऱ्याला दिसत नाही हो आता. पाइप आवळायचा क्लॅम्प सैल राहिला, त्याच्या लक्षातच आलं नाही. काढतोय त्याला."

आमचे मॅनेजर ग्राहकाची समजूत घालत होते. ग्राहकाची गाडी दारात उभी होती. चाकणच्या रस्त्यावर इंजिन तापून ती बंद पडली होती. ज्यांना काढायचं ठरत होतं ते रशीदचाचा तिच्याच बॉनेटमध्ये वाकले होते. मी रिसेप्शनवर बसते. लोकांना वाटतं, गप्प बसणाऱ्या मुलीला ऐकूही येत नाही.

चाचा आमच्या चिखलीच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने मेकॅनिक आणि सगळ्यात रागीट. कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, काम केलेली गाडी ते त्या दिवशी सोडतच नसत. नुसता पाइप बदललेला असला तरी गाडीखाली पुठ्ठा अंथरून ती सकाळपर्यंत तशीच ठेवत. "गरम रबर फुगतं, सांध्याला घट्ट बसतं. गार झालं की आकसतं, मग गळतं. गरम गाडी बघून ओके म्हणणारा गाढव!" सकाळी चहाच्या आधी ते पुठ्ठा ओढून त्यावर थेंब पडलेत का बघत. "माणसाचा हात आहे, चुकणारच. म्हणून तर थांबायचं."

पातळी उतरली की कुणीतरी वरून कूलंट ओतायचा, आणि चाचांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

"भरलंस? छान! गेलं कुठं ते सांग!"

"चाचा, आत हवा राहिली आसंल."

"हवा एकदा निघते, भावा. रोज निघते ती हवा न्हाई, भोक हाय!"

तपासण्याआधी कुणी इंजिन धुतलं तर ते त्याच्याशी दिवसभर बोलत नसत. गळलेल्या जागी वाळलेला डाग राहतो, तोच यानं पुसला म्हणून. पण जेवताना डब्यातला खिमा त्याच्याच पुढे सरकवायचे, तोंड फिरवून.

दारातली ही गाडीसुद्धा त्यांनी पाइप बदलून पुठ्ठ्यावर लावली होती. ग्राहकाला घाई होती. शुक्रवारी चाचा नमाजाला गेले, तेवढ्यात मॅनेजरनी माझ्या समोरच्या बोर्डवरची चावी उचलली, इंजिन धुऊन घेतलं आणि गाडी देऊन टाकली. परत आलेल्या चाचांना नुसता पुठ्ठा दिसला. ते ओरडले तेव्हा मॅनेजर हसले. "चाचा, लोड नका घेऊ. चकाचक करून दिलीये."

आता चाचा हात पुसत आत आले. "पाइपच्या सांध्यावर गळतंय."

"माझी मुलं होती गाडीत," ग्राहक म्हणाला. "झेपत नसेल तर घरी बसा ना!"

चाचांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता छत उडणार. पण ग्राहकासमोर वर्कशॉपची अब्रू काढायची नाही, हा त्यांचाच नियम. ते खाली बघून एवढंच म्हणाले, "क्लॅम्प मीच बसवला होता."

"ऐकलंत?" मॅनेजर म्हणाले. "स्वतःच कबूल करतायत."

त्या 'ऐकलंत'मधला आनंद मला सहन झाला नाही. मी उभी राहिले तसे मॅनेजर इंग्रजीत हळूच म्हणाले, नंतर बोल. मी ग्राहकाकडे बघून मराठीत बोलले, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"क्लॅम्प चाचांनी बसवला होता, पण गाडी त्यांनी सोडली नव्हती. ते नमाजाला गेल्यावर चावी सरांनी नेली."