बर्फातली लाल टोपी

शारजात जानेवारीत पारा अठरावर आला की लोक स्वेटर काढतात. आमच्याकडे त्या वर्षी कानटोपीही निघाली, कारण समोर टीव्हीवर उणे वीस होतं.

मुलगी कॅनडातल्या एका डोंगरी गावात हॉटेलात नोकरीला लागली होती. तिथल्या मुख्य रस्त्यावर एक कॅमेरा आहे. बर्फाचा डोंगर आणि त्याखालचा रस्ता तो दिवसरात्र इंटरनेटवर दाखवत असतो. सकाळी साडेआठला, म्हणजे आमच्या संध्याकाळी साडेसातला, ती कामावर जाताना त्याखाली थांबून हात करायची. बर्फात सगळी माणसं सारखीच गाठोडी दिसतात, म्हणून बायकोने तिला लाल टोपी विणून पाठवली होती.

देखावा मोठा दिसावा म्हणून मी मोठा टीव्ही घेतला. शेजारी चहाला येत, "काय ग्रँड व्ह्यू आहे!" म्हणत, आणि बायको तो डोंगर स्वतः रचल्यासारखी लाजे. मी थट्टा करायचो खरा, पण दुबईच्या ऑफिसातून निघाल्यावर ट्रॅफिकमध्ये सारखं घड्याळ बघत असायचो.

पुढे लाल टोपी हात करेनाशी झाली. खाली मान घालून निघून जायची.

"घाईत असेल," मी म्हणायचो.

"अहो, एवढ्या थंडीत हात खिशातून काढेल कशाला?" बायको म्हणायची.

एका संध्याकाळी लाल टोपी घसरून पडली. बराच वेळ उठलीच नाही. मग दोघांनी तिला धरून कॅमेऱ्याबाहेर नेलं. बायकोने फोन लावला, स्पीकरवर.

"फार लागलं का गं?"

"व्हॉट? आई, आय वॉज स्लीपिंग."

"मग आत्ता रस्त्यावर..."

"आय ॲम ऑन इव्हनिंग शिफ्ट. सिन्स लास्ट मंथ. आय टोल्ड बाबा."

सांगितलं होतं. मी गाडीत होतो, जॅममध्ये. "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणालो होतो. लक्ष नसलं की इथे हाच शब्द कामाला येतो. आता ती दुपारी दोनला घराबाहेर पडते, तेव्हा इथे रात्रीचा एक वाजलेला असतो.

"सो हू वेअर यू गाईज वॉचिंग?" मुलगी हसत म्हणाली.

लाल टोपी विणणारी आई जगात एकच नसते, हे आम्हा दोघांपैकी कोणाला महिनाभर सुचलं नव्हतं.

"डोंगर बघत होतो गं," बायको म्हणाली. "छान दिसतो." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती टीव्हीकडे पाठ करून मटार सोलत बसली. साडेसात वाजून गेले.

"आली का हो ती?"

"कोण?"

"कालची. पडली ती."

मी आठ वाजेपर्यंत बघत राहिलो. ताजा बर्फ पडला होता, डोंगरावर ऊन येत होतं. शेजाऱ्यांना बोलवावं असा देखावा होता.

"नाही," मी म्हटलं.