पेंढीपुरता थांबा

जगातली प्रत्येक गोष्ट थोडी अपुरी राहिली आहे आणि ती पुरी करायची ड्यूटी आपल्याला लागली आहे, अशा खात्रीने जगणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझा मामा. फौजेच्या बँडमध्ये बरीच वर्षं क्लॅरिनेट वाजवून तो कुंडलला परतला आणि आल्या आल्या आरतीच्या आधी एक नि नंतर एक शिट्टी असावी, असं त्याने देवळातल्या पुजाऱ्याला सुचवलं. लग्नाला तो जेवायला म्हणून जातो, पण बँडवाल्यांना ओळीत उभं केल्याशिवाय पंगतीला बसत नाही. एकदा नवरदेव घोड्यावर ताटकळला होता आणि मामा ढोलवाल्याला डावा पाय आधी टाकायला शिकवत होता. "वरात हाय का मेंढरं चालल्यात गड्या?" असं त्याने विचारलं, तेव्हा ढोलवाल्याने मुकाट्याने पाय बदलला.

अशा माणसाला मी स्वतःच्या हाताने एक खेळणं दिलं आणि माझे रविवार गमावले. संगणकावर साध्या अक्षरांत सुरावट लिहायची एक पद्धत आहे. सूर अक्षरांनी टंकायचे, ठोका आणि विश्रांती चिन्हांनी दाखवायची, की यंत्र ते वाजवून दाखवतं. ती पद्धत सांभाळणारी एक समिती परदेशात आहे आणि नवी चिन्हं तिला कुणीही सुचवू शकतं. हे शेवटचं वाक्य मी मामाला सांगायला नको होतं. दर रविवारी मी सांगलीहून जायचो, तो मराठीत सांगायचा, मी इंग्रजीत टंकायचो. चढावर वाजवताना धाप लागते, तिला चिन्ह हवं. शेजारचा चुकतोय हे कळूनही त्याच्याबरोबर जावं लागतं, त्यालाही हवं. साहेबाची गाडी दिसली म्हणून धून मध्येच तोडायची, त्याला तर हवंच हवं. खाली हुद्द्यासकट नाव. 'सूचना विचारार्थ ठेवली आहे' एवढं उत्तर यायचं, मामा त्याची छापील प्रत काढून फायलीला लावायचा.

या सगळ्याच्या तळाशी काय होतं, ते मला उशिरा कळलं. मामी जाऊन तीन वर्षं झाली होती. शाळू ज्वारीच्या काढणीला ती भलरी म्हणायची, ती पुढे आणि बाकीच्या बायका मागे. मामा नेमकी तेव्हाच रजा काढायचा. तिचा आवाज कुणी कधी भरून ठेवला नव्हता. ते गाणं आता फक्त मामाच्या डोक्यात होतं आणि तिथूनही ते थोडं थोडं निसटत होतं. म्हणून तो ते माझ्याकडून टंकून घेत होता. दुसऱ्या ओळीत मामी मध्येच थांबायची आणि यंत्र तिथून धडधडत पुढे जायचं. मामाच्या मते तो थांबा पेंढी बांधण्यापुरता होता. हात मोकळा होईपर्यंतची, न मोजता घ्यायची विश्रांती, असं चिन्ह त्याने सुचवलं. या वेळी समितीतल्या एका बाईंनी मनापासून लिहिलं, 'कल्पना आवडली, पण यंत्राला नेमका काळ सांगावा लागतो. साधारण किती?'

मग आम्ही मोजायला निघालो. कुंडलच्या शिवारात आता बघावं तिकडे ऊस. शाळूची एक पट्टी राहिली होती ती शेजारच्या पारूबाईंची, आणि मामीच्या मागे भलरी धरणाऱ्यांतल्याही त्याच राहिल्या होत्या. मी मोबाईलवर घड्याळ लावलं. मामाने बांधलेली पेंढी उचलताच सुटली. मी बांधेपर्यंत, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, दुसरा शाळू पिकला असता. शेवटी पारूबाईंनी भलरी म्हणत म्हणतच पेंढी बांधून बाजूला टाकली. गाणं कुठेच अडलं नाही.

"आवं वयनी, थांबा की. ती हितं थांबायची."

"पेंढीसाठी कोन थांबतंय व्हय भावजी?" पारूबाई म्हणाल्या. "ती रोज न्हाई थांबायची. तुमी रजंवर येऊन बांधावर हुबं ऱ्हायचा नव्हं, तवाच थांबायची. आमी समद्या हसायचो. एरवी गाणं सरळ जायाचं."

मामा बांधावर बसला. बराच वेळ तो सुटलेल्या पेंढीची ताटं उगाच सारखी करत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी नसताना ती कशी म्हनायची, त्ये मी कवाच ऐकलं न्हाई." एरवी मी त्याची टिंगल केल्याशिवाय राहत नाही, पण तेव्हा मी मोबाईलवरचं घड्याळ बंद केलं.

घरी येऊन त्याने मला पत्र सांगितलं. 'सूचना मागे घेत आहे. गाण्यात त्या ठिकाणी विश्रांती नाही.' आयुष्यात त्याने मागे घेतलेली ही एकच सूचना. मग टंकलेलं गाणं सरळ, न थांबता वाजवायला सांगून तो डोळे मिटून ऐकत बसला. संपल्यावर त्याने ते पुन्हा लावलं. दुसऱ्या ओळीत ती जागा आली, तसं त्याने बोट पुढे केलं आणि कळ दाबून यंत्र थांबवलं.

खोलीत काहीच वाजत नव्हतं. चुकून दाबली असेल म्हणून मी कळीकडे हात नेला, तर त्याने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रं जरा," तो म्हणाला. "आत्ताच तर आलोय मी."