स्पीकरच्या बॉक्सचं कापड

माझ्या गिटारचा आवाज वर्षभर मेल्यासारखा येत होता आणि त्याचा सगळा दोष मी कापडावर ढकलला होता. स्पीकरच्या बॉक्सला समोरून ताणून बसवलेलं ते काळं कापड दिसायचंही दोषी. आमच्या गावी, एडवणला, आम्हा चुलतभावांचा हळदीत वाजवणारा ग्रुप आहे. दोघे बेंजोवर, एक कीबोर्डवर, एक ढोलकीवर आणि गिटारला मी. प्रत्येक मांडवात कुणी ना कुणी हळदीचा हात त्या कापडाला पुसतंच. त्यात खारी हवा आणि धूळ. कापडाचं पार पायपुसणं झालं होतं.

बहिणीच्या मुलीची हळद आठ दिवसांवर आली होती. भाचरांमध्ये ही माझी सगळ्यात लाडकी. तिच्या हळदीला असला आवाज चालणार नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला जरा मिरवायचंही होतं.

मी राहतो सालवडला आणि एका रंगाच्या कारखान्यात फिल्टर प्रेसवर काम करतो. रंगाचा चिखल जाड कापडांमधून दाबायचा, पाणी निघून जातं, रंग मागे राहतो. सव्वीस वर्षं हेच केल्यावर जगात फिल्टरच्या कापडाहून चांगलं कापड असेल हे माझ्या डोक्यातच येईना. फाटत नाही, कुजत नाही, आणखी काय हवं? साहेबांना विचारून एक कोरा तुकडा घरी आणला. रविवारी पकडीने जुन्या पिना उपटल्या, चौकट सोडवली, आणि नवं कापड आधी चारही बाजूंच्या मधोमध ठोकून मग कोपऱ्यांकडे ताणत नेलं. एक सुरकुती दिसली असती तर बक्षीस दिलं असतं.

वाजवून बघितलं तर गोधडीखाली रेडिओ लावल्यासारखं. बायको मात्र दारातून म्हणाली, “आता बरा वाटतो हाय.” तिला मला खूश करायचं असेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी प्रेसवरच्या जोडीदाराला हे सांगितलं. तो मूळचा गोरखपूरकडचा. पोट धरून हसला. “अरे भैया, उसमें से तो पानी भी हाथ जोड़कर निकलता है, आवाज़ क्या ख़ाक निकलेगी!”

मग पालघरला गेलो. स्पीकरचं सामान विकणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदाराने कापडाचा तुकडा तोंडापुढे धरून फुंकर मारली आणि पलीकडे माझा हात धरला. वारा हाताला लागला. “फुंकर गेली की आवाजपण जातो,” तो म्हणाला. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती याचा मला रागच आला.

ते विरळ कापड तितक्याच निगुतीने बसवलं. वाजवलं. आवाज मेलेलाच. माझं डोकं फिरलं. कापड चौकटीसकट बाजूला काढलं आणि उघड्या स्पीकरवर वाजवलं. तरी तेच. वरचे सूर धारदार करणारं ट्रेबल वाढवायला गेलो, तर बटण आधीच शेवटाला टेकलेलं.

तेवढ्यात बायको कानांवर हात ठेवून बाहेर आली. “अवो, बंद करा ते! कानात सुया टोचतात.”

“तुला गाण्यातलं काय कळतं?” मी खेकसलो.

एरवी तिने मला सोडलं नसतं. त्या दिवशी ती समोर स्टूल ओढून बसली आणि तेव्हाच मला भीती वाटली. “गाण्यातलं नाय कळत,” ती म्हणाली, “पण तुमाला वरच्या तारा ऐकू येत नाय, एवढं कळतं. तुमचे भाऊ मांडवात तुमचा आवाज गुपचूप कमी करतात. दोन वरसं झाली.”

प्रेसला लागूनच आमचा कानठळ्या बसवणारा कॉम्प्रेसर आहे. कानात घालायचे बोळे आम्हाला मिळतात, पण सेफ्टीवाले साहेब राउंडला आले की तेवढ्यापुरते कानात, ते वळले की परत गळ्यात. सगळेच तसं करतात. बोळे घातले की बोलता येत नाही, आणि गप्पांशिवाय आठ तास काढणार कसे?

पालघरला कान तपासून घेतले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला कानांपेक्षा भावांचं जास्त लागलं. दोन वर्षं माझी कीव केली या लोकांनी! हळदीला जायचंच नाही असं ठरवून टाकलं. बॉक्स तीन दिवस तसाच उघडा पडून होता. चौथ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर बायकोने पिनांची डबी माझ्यापुढे सरकवली. मी चौकट बसवली.

हळदीच्या संध्याकाळी वाजवायला बसण्याआधी बेंजोवाल्या धाकट्या चुलतभावाला हाक मारली. “इकडं ये. माझं ट्रेबल तू लाव. लपूनछपून नको, समोर लाव.”

त्याचा चेहरा पडला. “दादा, तुला वाईट वाटेल म्हणून आमी...”

“वाटलं. आता लाव.”

त्याने बटण हळूहळू मागे घेतलं. मी तारा छेडत होतो; माझ्या कानांसाठी आधी पहिली, सगळ्यात बारीक तार गेली, मग दुसरी. मी थांब म्हटलं नाही. मग बोटांना जे पाठ होतं ते वाजवत राहिलो. समोर माणसं नाचत होती, म्हणजे सूर लागत असणार, असं समजून चाललो.

गाणं संपल्यावर भाची पिवळ्याधमक हातांनी माझ्याकडे आली. “मामा, आज काय गोड वाजवलंस रे! रोज असं का नाय वाजवत?”

मला हसू आलं आणि डोळेही भरले. ती पुढे आणखी काहीतरी म्हणाली. बेंजो पुन्हा सुरू झाला होता, मला काहीच कळलं नाही. एरवी मी अशा वेळी हसून मान डोलावतो. आज मी कान तिच्याजवळ नेला आणि म्हणालो, “पोरी, मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाय.”