अठ्ठावन्न पौंड

आमच्या ह्यांचं एक लग्न माझ्याशी झालं आणि दुसरं टेनिसच्या रॅकेटींशी. दुसऱ्याला मी कधी आडवी गेले नाही, म्हणून पहिलं बत्तीस वर्षं टिकलं.

स्टेडियमच्या पायऱ्यांखाली तिरक्या छताची एक खोली आहे. एका अंगाला ताठ उभं राहता येतं, दुसऱ्या अंगाला डोकं आपटतं. तिथे हे यंत्रावर रॅकेट आवळून तिची जाळी विणतात. गटिंग म्हणतात त्याला. तार किती ओढायची ते पौंडांत मोजतात. पौंड जास्त तितकी जाळी कडक, चेंडूवर ताबा चांगला, पण फटक्याचा हिसका थेट कोपरात नि खांद्यात. विणून झालं की हे अंगठ्याने तार छेडून कान लावतात आणि मुठीवर चिठ्ठी चिकटवतात: नाव, तारीख, पौंड. घरात माझं बोलणं तिसऱ्या हाकेला ऐकू येतं, पण तारेत अर्धा पौंड कमी पडला तर लगेच कळतं.

ताई सात वेळा देशाची विजेती. अख्खा क्लब तिला ताई म्हणायचा, मी घरात सवत म्हणायचे. सोळाव्या वर्षापासून तिची रॅकेट ह्यांच्याशिवाय कुणी विणली नाही. "दादा, माझे अठ्ठावन्न," एवढंच म्हणायची आणि निघायची. अठ्ठावन्न म्हणजे पुरुषांनाही जड. तिला त्याचा फार अभिमान होता.

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. परत आली ती पहिल्याच फेरीत हरायला लागली. हे ताटावर बसायचे आणि घास हातातच राहायचा. मग ह्यांनी एक लबाडी केली. दर खेपेला तार अर्ध्या पौंडाने सैल. वर्षभरात एक्कावन्नवर आणली, चिठ्ठीवर मात्र अठ्ठावन्नच. "सांगितलं तर रॅकेट माझ्या डोक्यात घालेल," असं मला म्हणाले. ताई पुन्हा जिंकायला लागली. एक दिवस डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "दादा, माझा खांदा परत आला." ते सांगताना हेही रडले. मी सवतीला पहिल्यांदा मनापासून माफ केलं.

आणि मग चिमणी आली. सतरा वर्षांची, सारखी चिवचिव करायची म्हणून चिमणी. एका वाक्यात तीनदा काका. स्टुलावर बसून ताईच्या चिठ्ठ्या वाचायची.

"काका, मलापण अठ्ठावन्न घाला ना काका."

"तुझा हात कोवळा आहे अजून. पन्नास घे."

"ताईंना झेपतं मग मला का नाही, काका? मला त्यांनाच तर हरवायचंय!"

ताईच्या तारेचं खरं सांगावं, तर चिमणीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळपर्यंत क्लबभर झालं असतं, आणि ताईने हट्टाने खरे अठ्ठावन्न घालून घेऊन खांदा मोडून घेतला असता. म्हणून ह्यांनी तिला मागितले तेवढे, खरे अठ्ठावन्न घातले. चिमणी वर्षभर अठ्ठावन्नवर खेळली आणि जिंकत जिंकत फायनलला पोचली. समोर ताई. ताईने आधीच जाहीर केलं होतं, ही शेवटची.

आदल्या दुपारी मी डबा घेऊन गेले, तर हे हात बांधून बसलेले. समोर ताईच्या चार रॅकेटी, चिमणीच्या तीन.

"पोरीचं कोपर सुजलंय," हे म्हणाले. "लांब बाह्या घालून लपवते. हिलाही गुपचूप पन्नास घालतो."

"मग घाला की."

"मग ताई हरेल."

मी डबा उघडला. आणि मी, जिने आयुष्यभर त्या बाईच्या नावाने बोटं मोडली, तीच मी म्हणाले, "तिने अठ्ठावन्न मागितलेत ना? तेवढेच घाला. यात खोटं कुठे आहे? पोरीपुढे अख्खं आयुष्य पडलंय. ताईला उद्याचा एकच दिवस आहे."

ह्यांनी अठ्ठावन्न घातले. चिठ्ठीवर लिहिले तेवढेच, अगदी खरे.

तिसऱ्या सेटमध्ये चिमणी चार-दोनने पुढे होती. एक सर्व्हिस केली आणि रॅकेट हातातून गळून पडली. तिने ती डाव्या हाताने उचलली. शेवटचे गेम खालून चेंडू टाकत खेळली आणि हरली. कोपरातला स्नायू हाडापासून सुटला होता. दोन ऑपरेशनं झाली. पुन्हा ती स्पर्धेत उतरली नाही.

ताई कप घेऊन खोलीत आली आणि ह्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. तो आमच्या भिंतीवर आहे. हे त्याच्याकडे पाठ करून जेवतात.

सहा वर्षं गेली. चिमणी आता सरावाच्या कोर्टावर लहान मुलांना शिकवते, डाव्या हाताने. गेल्या महिन्यात ह्यांनी तिला एका मुलीला सांगताना ऐकलं, "ताई अठ्ठावन्नवर खेळायच्या. मला नाही झेपलं. माझ्या हातातच दम नव्हता."

त्या दुपारी ती मुलांच्या रॅकेटी घेऊन आली. मी डबा घेऊन आलेच होते. ह्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"एक्कावन्न," शेवटी म्हणाली. "आणि फायनलच्या आदल्या दिवशी माझं कोपर तुम्हाला दिसलं होतं?"

ह्यांनी होकाराची मान हलवली. सल्ला माझा होता, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. मी डब्याचं झाकण लावत राहिले. आज लिहितेय, पण तिला अजून सांगितलेलं नाही.

ती उठली. मुलांच्या रॅकेटी एकेक करून यंत्राशेजारी ठेवल्या.

"यांना पंचेचाळीस घाला," म्हणाली. दारात थांबली, पण वळली नाही. "आणि चिठ्ठीवरही पंचेचाळीसच लिहा."

वाक्यागणिक काका म्हणणारी पोर ती. त्या दिवसापासून तिने ह्यांना कशानेच हाक मारलेली नाही.