डोंगराच्या घडीतलं गाव

ढगांमुळे विमान पुन्हा घिरट्या घालू लागलं. खाली चीनच्या डोंगरांतला, आपल्या एसटी स्टँडएवढा विमानतळ कुठेतरी बुडाला होता.

"उतरेल ना गं?" नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. धाकधूक मलाही होतीच.

आम्ही पाहायला निघालेलं जुनं गाव लढायांना भिऊन पळालेल्या लोकांनी वसवलेलं. कुणाला सापडू नये म्हणून डोंगराच्या घडीत लपवलेलं. खिडकीशी बसलेल्या आजी तिथल्याच, असं गाइड म्हणाला. त्या ढगांकडे बघतच नव्हत्या. आमच्या सहलीच्या लाल टोप्यांवरून त्यांची नजर हटत नव्हती.

एवढ्यात ढग फाटले, त्या गावाची काळी कौलं दिसली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घराचं दार लावावं तशी आजींनी खिडकीची झडप खाली ओढली.