दोन्ही बाजूंनी रंगवलेला मोर्चा

निम्मी वाट सरली होती, पाय भरून आले होते, आणि मागच्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर एकदम छाती फुगवून ओरडले, "कारखाना चालू ठेवा!"

मोर्चा होता कारखाना बंद करा म्हणणाऱ्यांचा.

"आजोबा, बंद! बंद!"

"मग पुढच्याच्या फळीवर काय लिहिलंय? मी वाचतोय तसं बोलतोय!"

माझ्या नणंदेने, वन्संनी, हातातला फलक उलटा करून पाहिला आणि मटकन कडेच्या कट्ट्यावर बसल्या. "वहिनी, मागचं पुसायचंच राहिलं गं!"

वन्सं पाट्या रंगवतात. आमच्याकडे दुसरं कुणी ते काम करत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्याकडेच येतात. कारखान्याच्या धुराने त्यांच्या लेकीला दमा जडला, म्हणून त्या 'बंद करा'वाल्या. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, तिथेच फिटर, म्हणून हे 'चालू ठेवा'वाले. तरी वन्संनी यांच्या लोकांचे फलक अगदी मन लावून रंगवले. "मला पटत नाही म्हणून काय काना वाकडा काढू?" म्हणाल्या. पण बहीणच मोर्चात जाणार हे कळल्यावर यांचं डोकं फिरलं. "तुझ्या हातचं काही नको," म्हणून फलक तिथेच टाकून आले. वन्संनी ते पालटले आणि कोऱ्या बाजूवर आपल्या घोषणा रंगवल्या.

तेव्हापासून बोलणं बंद. सकाळचा चहा दोघं लहानपणापासून एकत्र घ्यायची, अगदी लग्नं होऊन समोरासमोर राहायला आल्यावरही. आता वन्संकडचा दुसरा कप पालथाच असतो. देवापुढे दिवा लावताना मी कुणाची जीत मागत नाही. तो कप भरू दे, एवढंच म्हणते.

मोर्चाच्या पुढारी शाळेतल्या बाई. फलकांची मागची बाजू पाहून त्यांनी फर्मान काढलं, "फाटकाकडे कुणीही पाठ फिरवायची नाही!"

जाताना ठीक होतं. फाटकापाशी घोषणा झाल्या, निवेदन दिलं, आणि मग परतायची वेळ आली. अख्खा मोर्चा उलट्या पावलांनी निघाला! कुणाची चप्पल सुटली, कुणी कुणाच्या पोटात कोपर खुपसलं, पोस्टमास्तर बाईंच्या अंगावर आणि बाई माझ्या अंगावर. फळ्या धडाधड उलट्या पडल्या. फाटकातल्या कामगारांनी वाचलं आणि टाळ्याच पिटल्या. "या, या! तुम्ही तर आमचेच की!"

हसून हसून माझ्या कुशीत कळ आली. त्या गर्दीत आमचे हे उभे होते, स्वतः रंगवलेला फलक घेऊन. 'कारखाना चालू' एवढ्यातच जागा संपलेली, आणि 'ठेवा' कोपऱ्यात मुंग्यांसारखं चिकटवलेलं. त्यांनी तोंड फलकाआड लपवलं, पण फलक गदागदा हलत होता. वन्संकडे नजर गेली मात्र, तडक आत निघून गेले.

परतीच्या वाटेवर वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "हसला ना गं?"

"हसले तर!"

"बोलला नाही पण."

घराशी आल्यावर त्या थांबल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, एक काम करशील? तो जेवायला बसला की तो फलक हळूच माझ्याकडे आणून टाक. 'ठेवा' नीट काढून देते. उद्या पुन्हा माझ्यासमोर उभा राहणार, निदान वाचता तरी यायला हवं. आणि सकाळी न्यायला मात्र त्यालाच पाठव. चहा टाकून ठेवते."