पहिल्या धड्यातला शब्द

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी इंदिरानगरात जर्मनचा क्लास लावला, तो फक्त नातीसाठी. मुलगा जर्मनीतच रमलेला, सून तिथली, आणि पाच वर्षांच्या नातीला मराठीचं ओ की ठो कळत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. मरेपर्यंत नुसतं बघतच राहायचं का?

अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं जर्मन मशिनवर काढली होती, त्यामुळे 'सावधान' आणि 'हात घालू नका' एवढं आधीच येत होतं. नातीशी बोलायला त्याचा काय उपयोग! क्लासमधली नर्सिंगसाठी जर्मनीला निघालेली पोरं भराभर पुढे गेली. मला तिकीट मागता यायला लागलं, तोवर आकडे विसरलो. आकडे पुन्हा घोटले, तर रंग गेले.

अशातच नातीनं पोस्टानं एक चित्र पाठवलं. कॉलवर मी तिला त्यातलं घर, झाड, पिवळा सूर्य असं सगळं जर्मनमध्ये सांगितलं, एकही चूक न करता. ती गुपचूप उठून गेली. पुढच्या रविवारी आलीच नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, तिला वाटतं, तुम्हाला चित्र आवडलं नाही. तुम्ही थँक्यू म्हणाला नाहीत."

मी भडकलो. "घरच्या माणसाला कुणी थँक्यू म्हणतं का? ती काय परकी आहे?"

आमच्याकडे ही रीतच नाही. बायको छत्तीस वर्षं चहा देतेय. आभार मानले तर घाबरेल. आभाराचा 'डांके' पहिल्याच धड्यात होता. तो मी दुकानदारांसाठी ठेवून दिला होता. पण एवढ्याशा पोरीला माझी रीत कुठून कळणार? फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी मुलानं तिला मांडीवर घेऊन बसवलं. मान खाली. मी चित्र छातीशी धरलं आणि 'डांके' म्हणालो. तिनं वर पाहिलं आणि पळाली. संपलं, म्हटलं. तर ती चित्रांचा गठ्ठाच घेऊन आली. एकेक वर धरायची आणि थांबायची. प्रत्येकाला माझं डांके.

मागे चहा घेऊन उभी असलेली बायको म्हणाली, "आता एकदा इकडेही म्हणा. मराठीत."

मी कप घेतला. जन्माची भाषा, पण शब्द काही केल्या ओठांवर येईना. शेवटी तिलाही डांकेच म्हणालो.

"चालेल," म्हणाली, आणि बराच वेळ माझ्या खुर्चीमागेच उभी राहिली.